पाटलांनी खुर्ची दुसऱ्याला दिली

सोलापुरातील कोणत्याही टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जाऊन विचारावे की, येथे सूत कोण खरेदी करतो, भाव कोण ठरवतो, नक्षी कोण पसंत करतो आणि उधारी कोण वसूल करतो? बहुतेक ठिकाणी चारही प्रश्नांना एकच उत्तर मिळेल: शेठ. शेठ आठ दिवस दवाखान्यात राहिले तर माग चालू असतात, पण कारखाना थांबलेला असतो. मी स्वतः तीस वर्षे याच पद्धतीने धंदा केला आहे, तेव्हा कोणाला नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. पण ही पद्धत पुढच्या पिढीपर्यंत टिकेल का, याचा विचार करण्याची वेळ आली आहे, आणि तो विचार मला एका अगदी वेगळ्या धंद्यामुळे सुचला.

माझ्या भाच्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. एकदा त्याने एका उघडलेल्या आयफोनमधला मसुरीच्या डाण्याएवढा काळा तुकडा भिंगाखाली दाखवला. म्हणाला, "मामू, ही ऑडिओ आयसी. ही गेली की फोन मुका आणि बहिरा. ही बनवणारी सिरस लॉजिक नावाची अमेरिकन कंपनी पाटील नावाच्या माणसाने काढली आहे." पाटील हे नाव ऐकून माझे कान उभे राहिले. तेव्हापासून या कंपनीची हकीकत मी जमेल तशी गोळा करीत आलो.

या कंपनीचे काम काय, ते आपल्या भाषेत असे सांगता येईल. माणूस बोलतो तेव्हा हवेत लाट उठते. मायक्रोफोनमध्ये त्या लाटेची वीज होते आणि चिप त्या विजेचे आकडे करते. पलीकडच्या फोनमध्ये त्याच आकड्यांची पुन्हा लाट होते. जेकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक आहे की नाही, एवढ्यावर आपली मोराची नक्षी उतरते. येथेही हिशेब तसाच, फक्त वेग असा की डोळ्याला दिसणार नाही. बोट दाबल्यावर फोन हलकेच थरथरतो, फोटो काढताना कॅमेऱ्याचे भिंग केसभर पुढे-मागे सरकते, त्यामागेही अशाच चिपा असतात. म्हणजे आवाज, स्पर्श आणि हालचाल ओळखून तिचा हिशेब करणे, हा यांचा धंदा.

डॉ. सुहास पाटील यांचा जन्म १९४४ साली जमशेदपूरचा. खरगपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झाले, अमेरिकेत एमआयटीत डॉक्टरेट घेतली, तेथे आणि नंतर युटा विद्यापीठात शिकवले. चिपची आखणी करण्यात फार वेळ जातो, ती चौकटीत बसवून झटपट कशी करता येईल, हा त्यांचा हुन्नर. त्याच्या जोरावर १९८१ साली त्यांनी सॉल्ट लेक सिटीत पाटील सिस्टिम्स ही छोटी कंपनी काढली. १९८४ साली कॅलिफोर्नियात तिची सिरस लॉजिक झाली. यावेळी कामरान इलाहियन हे मूळचे इराणी गृहस्थ संस्थापक म्हणून त्यांच्यासोबत होते.

यापुढची गोष्ट आपल्या कामाची. १९८५ साली सिग्नेटिक्स या चिपच्या कंपनीत वर्षानुवर्षे काम केलेले मायकेल हॅकवर्थ यांना बोलावून त्यांच्या हाती कारभार देण्यात आला. पाटलांनी अध्यक्षपद आणि तंत्राची बाजू आपल्याकडे ठेवली; माल विकणे, माणसे नेमणे, पैसा खेळवणे हे हॅकवर्थ यांच्याकडे गेले. कंपनीला आपले आडनाव दिलेला माणूस आधी पाटीवरून नाव उतरवतो आणि मग रोजच्या कारभाराची खुर्चीही सोडतो! आपल्याकडे सख्ख्या भावाला चेकवर सही करू देत नाहीत. पुढे १९८९ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. १९९२ साली नव्या उद्योजकांना हात देण्यासाठी 'टाय' ही संस्था निघाली, तिच्या उभारणीतही पाटील पुढे होते. खुर्ची सोडली म्हणून माणूस लहान झाला नाही.

मात्र चांगले मॅनेजर आणले की सारे सुरळीत चालते, असे मी म्हणणार नाही, कारण हकीकत तशी नाही. सिरस लॉजिकचा स्वतःचा कारखाना नव्हता. नक्षी आपली, माल दुसऱ्याच्या कारखान्यात तयार करून घ्यायचा. आपण जॉबवर माग चालवून घेतो तसेच. नव्वदीच्या दशकात माल वेळेवर मिळेना, म्हणून आयबीएम आणि पुढे ल्यूसेंट यांच्याबरोबर भागीदारीत कारखान्यांत पैसा घातला. त्याच सुमारास संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपांचा धंदा, ज्यावर कंपनी मोठी झाली होती, दुसऱ्यांनी हिसकावला. कारखान्याचा खर्च चालू आणि माल उठत नाही! ज्यांनी तेजीत कर्ज काढून चोवीस माग टाकले आणि मंदीत भंगाराच्या भावात विकले, त्यांना ही कथा समजावून सांगायची गरज नाही. १९९९ सालापर्यंत त्या भागीदाऱ्यांतून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी हॅकवर्थ यांच्या जागी डेव्हिड फ्रेंच आले.

फ्रेंच यांनी जे केले ते मला सगळ्यांत अवघड वाटते. १९९१ साली सिरसने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातली क्रिस्टल सेमीकंडक्टर ही आवाजाच्या चिपांची छोटी कंपनी विकत घेतली होती. घरात ती धाकटी सून होती. फ्रेंच यांनी थोरला धंदा मोडीत काढला, धाकटीचा धंदा मुख्य केला आणि २००० साली कंपनीची कचेरी कॅलिफोर्नियातून ऑस्टिनला नेली. ज्याने तो थोरला धंदा आपल्या हाताने उभा केला, त्याला हे करवले असते का? मला तरी करवले नसते. वडिलांनी सुरू केलेली चादरीची एक जात दहा वर्षे तोट्यात गेली, तरी मी ती बंद केली नाही. कारण विचारले तर सांगता येणार नाही.

२००७ साली जेसन रोड प्रमुख झाले. ते १९९५ पासून कंपनीतच चिप आखणारे इंजिनिअर होते, नंतर बाजाराची बाजू शिकले. त्यांच्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये जॉन फोर्सिथ आले. हे २०१४ साली सिरसने एडिनबरोची वुल्फसन ही कंपनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर आले होते. म्हणजे विकत घेतलेल्या घरचा माणूस आज घरचा कर्ता आहे. आपण एखाद्याचा कारखाना घेतो तेव्हा आधी त्याची माणसे काढून टाकतो.

आता दुखरी बाजू. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात या कंपनीची विक्री सुमारे १९० कोटी डॉलर होती आणि त्यातली ८९ टक्के एकट्या ॲपलला. शंभरातले एकोणनव्वद एका गिऱ्हाइकाकडे! २०२३ च्या मे महिन्यात कंपनीने भागधारकांना कळवले की, ज्या नव्या मालाची त्या वर्षी अपेक्षा होती, तो ठरल्याप्रमाणे बाजारात येणार नाही. मेहनत यांची, बेत गिऱ्हाइकाचा. मोठ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही आणि त्याच्याशिवाय जगताही येत नाही. हे मी भोगले आहे. काही वर्षांपूर्वी माझा चारातला तीन भाग माल परगावचा एकच व्यापारी उचलत असे. एका हंगामात त्याने रंग बदलून मागितले आणि मी आधीच विणलेल्या गाठी गोदामात राहिल्या. त्यातल्या काही उन्हाळ्यात रस्त्यावर ढीग लावून विकल्या. तेव्हा मला थांबवणारे घरात कोणी नव्हते. होते, पण त्यांना विचारण्याची सवय मला नव्हती.

कोणी म्हणेल, तेथे पैसा हजारो भागधारकांचा, म्हणून प्रमुखाला जाब विचारणारे असतात. आपला पैसा आपला, आपण कोणाला जाब का द्यावा? हा मुद्दा खोटा नाही. पण आपला म्हणतो तो पैसाही पुरता आपला नसतो. त्यात सूतवाल्याची उधारी असते, बँकेचे कर्ज असते, विणकराची हप्त्याची मजुरी असते. शेठचा एक निर्णय चुकला की ही सगळी घरे बुडतात, मग त्यांचा मशवरा आधी घेतला तर काय बिघडले? आणि चार जाणकार एकत्र बसूनही एका गिऱ्हाइकाच्या मुठीत सापडू शकतात, हे सिरसकडे पाहून दिसतेच. फरक एवढा की त्यांना आपले ८९ टक्के माहीत आहेत, ते दरवर्षी छापून जाहीर करतात, आणि लॅपटॉपसारख्या दुसऱ्या बाजारात पाय रोवण्याची खटपट करतात. आपल्यातल्या कितीजणांनी आपला आकडा कागदावर काढला आहे?

मी या रमजाननंतर काढला. मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा ६२ टक्के निघाला. कागद मुलासमोर आणि आमच्या जुन्या मुनीमजींसमोर ठेवला. मुनीमजी म्हणाले, हे त्यांना चार वर्षांपासून माहीत होते. सूतखरेदी आता मुलगा पाहतो. पहिलाच सौदा त्याने माझ्या नेहमीच्या दलालाला सोडून केला, त्यावरून आमचे दोन दिवस बोलणे बंद होते.