कर्बवायूची सामाईक वाट

सिमेंटवाचून आज आपलं पान हलत नाही. घर, धरण, पूल, शाळेची भिंत, अगदी स्मशानातला ओटासुद्धा सिमेंटचाच. पण या सिमेंटचा एक दोष असा आहे की तो सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेनेही जाणार नाही. चुनखडी भट्टीत तापवली की तिच्यातला कर्बवायू सुटतो आणि कळीचा चुना मागे उरतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. तिथे चुना कर्बवायू धरतो, इथे भट्टीत तो सोडतो. सिमेंट कारखान्यातला सुमारे ६० टक्के कर्बवायू असा दगडातूनच येतो. उद्या कोळसा बंद करून भट्टीला कितीही स्वच्छ इंधन दिलं, तरी हा वायू सुटायचा तो सुटणारच.

मग एकच मार्ग उरतो. तो पकडायचा आणि जमिनीच्या पोटात खोल पुरायचा.

इथे खरी अडचण यंत्राची नाही, हिशेबाची आहे. एका कारखान्याने स्वतःपुरती जहाजं, धक्का, पाइप आणि समुद्रतळाखालची विहीर उभारायची म्हटलं तर तो बुडेल. सगळ्यांनी मिळून उभारायचं तर पहिला म्हणतो, कोठार तयार नाही, मी वायू का पकडू? कोठारवाला म्हणतो, गिऱ्हाईक नाही, मी कोठार का बांधू? आधी कोंबडी की आधी अंडं, हा जुनाच वाद.

नॉर्वेने तो सोडवला. तिथल्या सरकारने २०२० साली 'लाँगशिप' नावाची योजना मांडली आणि पहिल्या टप्प्याचा सुमारे दोन तृतीयांश भार स्वतः उचलला. ब्रेविक गावच्या सिमेंट कारखान्यात जून २०२५ मध्ये वायू पकडणाऱ्या यंत्रणेचं उद्घाटन झालं. वर्षाला ४ लाख टन, म्हणजे त्या कारखान्याचा जवळजवळ निम्मा वायू. तो थंड करून, द्रवरूप करून जहाजाने बर्गनजवळ ओयगार्डेनला नेतात. तिथून सुमारे १०० किलोमीटर पाइपातून जाऊन तो समुद्रतळाखाली २,६०० मीटर खोल खडकात मुरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिला वायू तिथे पोचला.

कोठाराचं नाव 'नॉर्दर्न लाइट्स'. मुद्दा असा, की ते एकट्या ब्रेविकसाठी बांधलंच नाही. पहिल्या टप्प्यातच क्षमता वर्षाला १५ लाख टन ठेवली. म्हणून नेदरलँड्समधला खत कारखाना आला, डेन्मार्कची वीजकेंद्रं आली. स्टॉकहोमच्या कंपनीशी करार झाल्यावर २०२५ मध्येच क्षमता किमान ५० लाख टनांवर नेण्याचं ठरलं. गावाने मोठी विहीर खणली, मग शेजारच्या वाड्याही पाण्याला आल्या, तसंच हे.

आता आक्षेप. कोठाराचे मालक आहेत इक्विनॉर, शेल आणि टोटलएनर्जीज. ज्यांनी जन्मभर तेल आणि वायू उपसून विकला, त्यांनाच आता पुरण्याचेही पैसे मिळणार, आणि त्यातही सरकारची मदत! आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं कुणी म्हटलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण म्हणून योजनाच टाकून द्यावी, हे मला पटत नाही. त्या कंपन्यांवर रागावून सिमेंटच्या भट्टीतला वायू काही कमी होत नाही. जिथे जनतेचा पैसा, तिथे जनतेची अट, एवढं मात्र ठणकावून सांगायला हवं.

माझ्या मते अटी तीन. पहिली, रांगेत आधी तो, ज्याला दुसरा इलाज नाही. कोळशाच्या वीजकेंद्राला सूर्य आणि वारा हा पर्याय आहे, चुनखडीला नाही. पुरायची सोय झाली म्हणून कोळसा आणखी चाळीस वर्षं जाळायचा, हा पळवाटेचा धंदा होईल. दुसरी, लहान कारखान्यालाही मोठ्याच्याच दराने जागा. नाहीतर सामाईक वाटेला दारवान बसलाच म्हणून समजा. तिसरी, नंतरची राखण कोणाची? युरोपच्या २००९ च्या नियमानुसार कोठार बंद झाल्यावर साधारणपणे किमान २० वर्षं जबाबदारी चालकाची, पुढे सरकारची. वायू मात्र हजारो वर्षं तिथेच राहायला हवा. म्हणजे जन्माला न आलेल्या पिढ्यांवर आपण पहारा लादतो आहोत. त्या पहाऱ्याचा पैसा आजच वेगळा काढून ठेवला पाहिजे.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस इथे सिमेंटच्या भट्ट्या आहेत आणि समुद्र तिथून फार लांब. अनेक कारखान्यांनी मिळून एक वाट वापरावी, हा विचार नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालातही आहे. उद्या आपल्याकडे असे पाइप येतील तेव्हा ते कुणाच्या तरी शेताखालून जातील आणि पैसा आपल्याच खिशातून जाईल. म्हणून या तीन अटी पाइप पुरण्याआधी कागदावर लिहून घ्यायला हव्यात. एकदा माती लोटली, की मग कोण कुणाचं ऐकतो?