वजन माणसाचं, खोट चाकाची

"साहेब, चाकाचं काही नाही, तुमचं वजनच जास्त आहे." मोडका स्पोक घेऊन सायकलच्या दुकानात गेलेल्या जाड माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. वर दुकानातल्या पोराचं ते बारीक हसू. या वाक्याचा मला मनापासून राग आहे, आणि आज तो काढणार आहे. मंडळी, तयारीने बसा!

माझ्या आतेभावाचं वजन १०८ किलो. (नातेवाईक वाचताहेत, ओळखतीलच. त्याची परवानगी घेतली आहे.) डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांवर भार नको, सायकल चालव. त्याने चांगली गिअरवाली, चकचकीत सायकल घेतली. चार महिन्यांत मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले. दर वेळी दुकानदाराने एक स्पोक बदलला, चाकाचा आऊट काढला आणि फुकटचा उपदेश केला. आता ती सायकल गॅलरीत उभी आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात.

म्हणजे बघा, ज्याला सायकलची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच बाजार म्हणतो, "आधी बारीक होऊन ये, मग चालव." पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको, त्यातलाच प्रकार!

आता जरा हिशेब. जुनी काळी दांडीची सायकल आठवा. २८ इंची चाकं, पुढे ३२ स्पोक, मागे ४०. हिच्यावरून दूधवाल्याने भरलेल्या किटल्या नेल्या. गॅसवाल्याने सिलिंडर नेले, एकेक भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा. शिवाय चालवणारा स्वतः. रस्ते तेव्हाही काही लोण्यासारखे नव्हते. मागे आठ स्पोक जास्त का, तर बसणाऱ्याचा आणि कॅरिअरचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो. इतकी साधी गोष्ट आजोबांच्या सायकलला कळत होती. माझ्या भावाच्या नव्या सायकलला मागे २४ स्पोक. का? तर दिसायला छान, शर्यतीच्या सायकलीसारखं. आणि तुटलं की दोष कुणाचा? पोटाचा!

चाक मुळात कशावर उभं असतं? ताणावर. प्रत्येक स्पोक रिमला हबकडे ओढून धरतो. आपण बसलो की रिमचा जमिनीला टेकलेला भाग किंचित दबतो आणि तिथल्या स्पोकचा ताण कमी होतो. चाक पुढे गेलं की तो परत येतो. साधारण ७०० सीचं चाक एका फेऱ्यात २.१ मीटर जातं, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ ४७५ फेरे. रोज १० किलोमीटर चालवलं तर प्रत्येक स्पोक दिवसाला पावणेपाच हजार वेळा सैल-घट्ट होतो. स्पोक कमी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त भार येतो. मुळातच ढिले असतील तर खाली आल्यावर पार लुळे पडतात, निपल फिरून आणखी सुटतात, आणि एक दिवस हबजवळच्या वळणावर तार थकून तुटते. एक तुटला की शेजाऱ्यांवर भार. म्हणूनच एकामागून एक जातात. एकच स्पोक बदलून आणि आऊट काढून पाठवून देणं म्हणजे ताप आला की थर्मामीटर झटकणं.

तर जाड माणसाने काय मागावं? नुसती "मजबूत रिम द्या" म्हणू नका. डबल वॉलची ॲल्युमिनियम रिम मागा, म्हणजे आतून पेटीसारखी पोकळ, दोन भिंतींची. एकेरी पत्र्याची नको. भोकं ३६. फार वजन असेल किंवा सामान न्यायचं असेल तर मागे ४०. दूरच्या प्रवासाच्या आणि दोघांनी चालवायच्या सायकलींसाठी अशा रिम बनतात. पण हबची भोकं तितकीच हवीत, म्हणजे २४ च्या हबवर ३६ ची रिम चढणार नाही. पूर्ण चाकच नवं बांधून घ्यावं लागतं. स्पोक स्टेनलेस स्टीलचे, तीन क्रॉसने विणलेले. टायर ३५ ते ४२ मिलिमीटरचा, फ्रेममध्ये बसेल तेवढा रुंद. बारीक टायरमध्ये हवा जरा कमी पडली की खड्ड्यात रिमच्या कडेला पोचा येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाताने बांधलेलं, सारख्या ताणाचं चाक. गिअरवाल्या मागच्या चाकात उजव्या बाजूचा ताण साधारण १०० ते १२० किलोपर्यंत असतो, डावीकडे कमी. मोजायचं यंत्र नसलं तरी कान आहे. एका बाजूचे स्पोक सतारीच्या तारांसारखे छेडून बघा, सूर साधारण एक यायला हवा. एखादा भसाडा लागला तर चाक परत द्या. नव्या चाकाचे स्पोक थोड्या वापरानंतर पुन्हा तपासून घ्या.

"पण जास्त स्पोक म्हणजे जड चाक," हे दुकानदाराचं ठेवणीतलं उत्तर. १२ जादा स्पोक, निपलसकट, जेमतेम १०० ग्रॅम! १०८ किलोच्या माणसाला अर्धी वाटी साखर वाचवून देण्यासाठी त्याची सायकलच बंद पाडायची?

वजनाने काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही. पडतोच. खड्डा दिसला की सीटवरून उठावं, हवा तपासत राहावी, हे जाड माणसाने जास्त पाळायला हवं. पण वजन ही दुकानदारापासून लपवता येणारी गोष्ट नाही. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच ती दिसते. ती बघून योग्य चाक देणं हे त्याचं काम. चपलांच्या दुकानात दहा नंबरच्या पायाला सात नंबरची चप्पल देऊन "पाय कापून या" म्हणतात का?

म्हणून पुढच्या वेळी सायकल घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि गिअर नंतर बघा. आधी खाली बसा आणि मागच्या चाकाचे स्पोक मोजा. माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरातली वजनमर्यादा वाचा, ती सामानासकट आहे की कसं ते विचारा. दुकानदार हसला तर हसू दे. आपण मोजत राहायचं. छत्तीस!