पूररेषा कागदावर, वस्ती पात्रात

श्रीक्षेत्र नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी चढत चढत दत्तमंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते, तेव्हा त्या पर्वणीच्या स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती सुरक्षित स्थळी हलविली जाते. ओसरले की नित्यक्रम पूर्ववत सुरू होतो. नदी घरी येणारच, हे गृहीत धरून आपल्या पूर्वजांनी काठावरचे जीवन आखले होते.

याच नृसिंहवाडीला कृष्णेस मिळणाऱ्या पंचगंगेने 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापुरात काय केले, ते सर्वांनी पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी; दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले. पाऊस असामान्य होता, यात शंका नाही. परंतु पावसाने पाणी दिले, ते पसरण्याची जागा मात्र माणसाने हिरावून घेतली.

नियम नाहीत असे नाही. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांमध्ये ते नियंत्रित. पण या नियंत्रित पट्ट्यात जोते पूरपातळीच्या वर ठेवण्याच्या अटीवर इमारती उभ्या राहतात. त्यासाठी भराव पडतो आणि त्या भरावाने अडलेले पाणी शेजारच्या जुन्या, बुटक्या घरांत शिरते. एकाचे जोते उंच होते, दुसऱ्याचा संसार बुडतो.

पूरप्रवण क्षेत्राच्या नियमनासाठी केंद्राने आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांकडे पाठविला, त्याला 1975 पासून अर्धशतक लोटले. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी कायदा केला. विकास नियमावलीतील तरतूद बदलणे सोपे असते. विधिमंडळाने केलेला कायदा मोडणे तितके सोपे नसते. महाराष्ट्राला असा स्वतंत्र कायदा हवा, तो याच कारणासाठी.

त्या कायद्यात तीन गोष्टी असाव्यात. पूररेषा दगड रोवून जमिनीवर दिसावी आणि सातबारा व खरेदीखतावर तिची नोंद असावी, म्हणजे आयुष्याची पुंजी घालून सदनिका घेणारा फसणार नाही. रेषेच्या आत परवानगी देणारा अधिकारी व्यक्तिशः उत्तरदायी ठरावा. आणि ज्यांची जमीन अडकते त्यांना अन्यत्र विकासहक्क, तर काठावरच्या गरिबांना आधी पर्यायी घर मिळावे. बुलडोझर केवळ झोपडीवर आणि अभय संकुलाला, हा न्याय नव्हे.

पूर आला की स्वयंसेवक नावा, औषधे, शिधा घेऊन धावतात, पुढेही धावतील. परंतु टाळता येणाऱ्या आपत्तीत दरवर्षी सेवा करावी लागणे, हे समाजाला भूषणावह नाही. शिवाय भराव टाकणारे, त्यावर सही करणारे आणि तिकडे डोळेझाक करणारे परकीय नाहीत. नदीची आरती करणारे आपलेच बांधव आहेत. नदीला माता म्हणायचे आणि तिच्याच घरात अतिक्रमण करायचे, ही विसंगती किती काळ चालणार? मातेची मर्यादा पाळणे हीच तिची खरी पूजा होय.