अणुशक्ती केंद्राचे दार

अणुसंशोधनात शिरावयाचे तर परदेशी पदवी किंवा अलौकिक बुद्धी हवी, असा समज अनेक घरांतून रुजलेला आढळतो. जिल्ह्याच्या गावी अभियंता झालेला होतकरू मुलगा त्यामुळे अर्जच करीत नाही, आणि एम.एस्सी. झालेल्या मुलीच्या बाबतीत तर हा विषय घरात निघतही नाही.

वस्तुतः १९५७ साली डॉ. होमी भाभा यांनी मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे प्रशिक्षण विद्यालय काढले ते नेमक्या उलट विचाराने. ‘अप्सरा’ ही अणुभट्टी आदल्याच वर्षी सुरू झाली होती. परंतु या कामात तयार झालेली माणसे विद्यापीठांतून मिळत नव्हती. तेव्हा चांगले पदवीधर निवडावेत आणि अणुविद्या आपणच शिकवावी, असे ठरले.

हा परिपाठ आजही चालू आहे. ट्रॉम्बेचे हे केंद्र १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखले जाते. तेथे अभियंते व विज्ञानाचे द्विपदवीधर एक वर्ष विद्यावेतन घेऊन शिकतात आणि उत्तीर्ण झाल्यावर वैज्ञानिक अधिकारी होतात. त्याबदली तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. पुढे एक वर्षाचा प्रकल्प पुरा केल्यास होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाची एम.टेक. पदवीही मिळविता येते.

लेखी परीक्षेचे अथवा ‘गेट’चे गुण उमेदवाराला मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, निवड ठरते ती मुलाखतीतच. येथे पाठांतर फार वेळ टिकत नाही. सूत्र सांगितले की ते कोठून आले हे विचारले जाते, आणि तेही सांगितले तर ते कोठे लागू पडत नाही, हे! शिकवणीवर्गांच्या जाहिरातींवर विसंबण्यापेक्षा महाविद्यालयातील मूळ पुस्तके पुन्हा उघडणे अधिक हिताचे, असे आम्हांस वाटते.

काम केवळ अणुभट्टीचे असते असेही नाही. शेतकऱ्यांच्या परिचयाचे ‘टीएजी-२४’ हे भुईमुगाचे वाण येथलेच. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर किरणांचा मारा करणारे लासलगावचे केंद्रही याच संस्थेने उभारले.

किरणोत्साराची भीती आयांच्या मनात असते, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अशा जागी काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. ठराविक मुदतीने तो तपासून नोंद ठेवली जाते. पाच वर्षांत एकूण १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, ही आपल्या देशातील कमाल मर्यादा आहे.

पदविकाधारक, बी.एस्सी. व आय.टी.आय. झालेल्यांसाठीही विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या जागा वेळोवेळी जाहीर होतात. बारावीतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ‘नेस्ट’ परीक्षेची जाहिरात पाहावी. तिच्याद्वारे भुवनेश्वर व मुंबई येथील अणुऊर्जा विभागाशी संलग्न संस्थांत पाच वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो.