राजूरच्या पाण्यावर सर्वांची होडी



लागण-खोडव्याचे सोडून हे होडीचे काय काढले, असे काही जण म्हणतील. म्हणोत. आपला ऊस ज्या पाण्यावर उभा राहतो ते आधी राजूरच्या बाजूने येते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. खालच्या निळवंड्याच्या कालव्याला पाणी सुटायला २०२३ साल उजाडले. आवर्तन कधी, याची चौकशी आपण दिवसातून दोनदा करतो. पण ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या पोरांच्या वाट्याला त्या पाण्यातले काय आले? 'काठाला जाऊ नको' एवढा धाक.

आमचे म्हणणे असे, की राजूरजवळ निळवंड्याच्या फुगवट्यावर हाताने वल्हवायच्या होड्यांचे एक मंडळ निघावे आणि आपल्या कारखान्याने त्याला हात द्यावा. पाहुण्याने पैसे मोजून अर्धा तास फिरून यायचे, तशी बोट आम्हाला नको. तिथल्याच माणसांनी शिकायचे, तिथल्याच माणसांनी शिकवायचे.

या होड्या दोन तऱ्हेच्या. कनूचे वल्हे एकाच टोकाला पाते असलेले; कयाकचे दोन्ही टोकांना, डावी-उजवीकडे आळीपाळीने मारायचे. रुंद बुडाची कयाक नवशिक्याला सहसा दगा देत नाही. बळ लागते ते खांद्याचे आणि कमरेचे, पायाचे काम थोडे. म्हणून मळणी यंत्रात नाहीतर गाडीखाली पाय गेलेला माणूसही ती चालवू शकतो. ग्वाल्हेरची प्राची यादव पायाने अधू. भोपाळच्या तलावावर सराव करून तिने टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये कनूची अंतिम फेरी गाठली आणि २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकचे सुवर्णपदक घेतले. लांब कशाला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ पहा. दुष्काळी गावचा माणूस, सैन्यात जाईपर्यंत वल्हे हातात धरलेले नाही. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेले, २०१८ साली आशियाई सुवर्ण आणले. (त्यांचा खेळ रोइंगचा, पुढच्या दिशेला पाठ करून वल्हवण्याचा. पण पाणी तेच.)

पदकांसाठी मात्र आमचा आग्रह नाही. बायाबापड्या, म्हातारी माणसे, पोहता न येणारे, सगळ्यांना तिथे 'या, बसा' म्हटले गेले पाहिजे. आपल्याकडे मंडळ निघाले की चार तरणी पोरे त्याचा ताबा घेतात आणि बाकीचे काठावर टाळ्या वाजवतात. तसे होणार असेल तर काढूच नये.

भीतीचे बोलायलाच हवे. २०२४ च्या मे महिन्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली आपत्ती दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. शिकलेल्या माणसालाही नदी सोडत नाही. म्हणून अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडीत पाय नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. भिंतीच्या आणि सांडव्याच्या बाजूला फिरकायचे नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी, होडी मागून.

पैशाचे म्हणाल तर टनामागे कपात आम्ही सुचवणार नाही. कपातींची यादी किती लांब झाली आहे ते बांधावर आम्हालाच ऐकावे लागते! सुरुवातीला पाच-सहा होड्या आणि डझनभर जॅकेटे पुरे आहेत. सभासद कल्याणाच्या खर्चात ती बसावीत. पुढचे मंडळाने वर्गणीतून पाहावे. एका घराला न परवडणारी वस्तू दहा घरांनी मिळून घ्यायची, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक अडचण खरी आहे. पाणी भरलेले आणि शांत असते ते दिवाळीनंतर, आणि तेव्हाच आपला गळीत हंगाम सुरू. म्हणून आठवड्यातून एक सकाळ, वारा सुटायच्या आत, एवढेच ठरवावे. हा विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा अशी संचालक मंडळाला विनंती आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे. पोहता येते की नाही, तेही प्रामाणिकपणे लिहावे. येत नसेल तर त्यांचे नाव आधी घेऊ.