संमती कोणाची, सोय कोणाची?

१८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून पेटलेल्या दंग्यात पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या खतांवर शेतकऱ्यांची संमती नव्हती असे नाही. निशाणी प्रत्येकावर होती. परंतु गरजेपोटी आणि अज्ञानापोटी केलेली निशाणी म्हणजे संमती नव्हे, हे अखेर परकीय सरकारलाही मान्य करावे लागले. १८७९ च्या कायद्याने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपविण्यात आले.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरातील अभ्यासिकेत बसलेला विद्यार्थी मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा मजकुराआधी एक पाटी पुढे येते : 'कुकीज स्वीकारा'. मजकूर इंग्रजी, अक्षर बारीक, 'स्वीकारा'चे बटण ठळक आणि नकाराची वाट दोन-तीन पानांआड. विद्यार्थी घाईत असतो. तो अंगठा टेकवतो आणि पुढे जातो.

कुकी ही वस्तू मुळात निरुपद्रवी आहे. संगणकांच्या जाळ्याला स्मरणशक्ती नव्हती. आताच येऊन गेलेला मनुष्य पुन्हा आला, हे संकेतस्थळाला कळत नसे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी त्यावर तोड काढली. संकेतस्थळाने पाहुण्याच्या यंत्रात एक लहानशी चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या भेटीत तीच वाचून त्याला ओळखावे, अशी ही युक्ती होती. रेल्वेचे तिकीट काढताना आपले नाव पानोपानी पुन्हा विचारले जात नाही, ते अशाच चिठ्ठीमुळे. त्याबद्दल कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती तिऱ्हाइताच्या चिठ्ठीबद्दल. एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो संकेतस्थळांवर बसविलेला असतो आणि तो सर्वत्र एकच क्रमांक वाचतो. सकाळी आजाराची माहिती, दुपारी कर्जाचे व्याजदर, रात्री नोकरीची जाहिरात — तिन्ही ठिकाणे वेगळी, परंतु नोंदवही एकच. नाव ठाऊक नसले तरी माणसाची नड ठाऊक होते, आणि बाजारात भाव नडीलाच मिळतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, वाचक फुकटात वाचत नसतो. तो आपल्या वर्तनाची माहिती देतो. तिची किंमत दुसराच कोणी ठरवितो आणि नफाही दुसऱ्याच्याच पदरी पडतो.

कंपन्या आपण होऊन सुधारतील ही आशा व्यर्थ आहे. अशा चिठ्ठ्या दोन वर्षांत बंद करू, असे गूगलने २०२० मध्ये जाहीर केले आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. याउलट, नकार देणे स्वीकाराइतके सोपे ठेवले नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने २०२१ च्या अखेरीस गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. फरक कायद्याने पडतो.

आपल्याकडेही पाया आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील १९७६ चा जबलपूर निर्णय चुकीचा होता असे स्पष्ट केले. तो देणाऱ्यांत त्यांचे वडीलही होते. आणीबाणीचा तुरुंग पाहिलेल्यांना याचे मोल सांगावयास नको. त्यानंतर २०२३ चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आला. त्यात कुकीचे नाव नाही. परंतु संमती मुक्त, नेमकी आणि माहितीपूर्ण असावी, आणि तिची सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळावी, असे तो सांगतो.

मात्र या कायद्याचे दुसरे अंग चिंताजनक आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांना संमतीच्या बंधनांसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. माहिती अधिकाराला कात्री लावणारे कलम मात्र लगेच लागू झाले. व्यक्तिगत माहिती म्हटली की आता ती नाकारता येते. व्यापक जनहिताचा अपवाद कलम ८(२) मध्ये उरला आहे, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर. शिवाय सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकते. केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, माहितीच्या अधिकाराचा कायदा आणणाऱ्या महाराष्ट्राने हे मुकाट्याने पाहू नये. दुबळ्याचा खासगीपणा आणि सत्तेची गुप्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे नाव घेऊन दुसरी पोसली जात आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. नकाराचे बटण स्वीकाराच्या शेजारी, तेवढ्याच आकाराचे आणि मराठीत असावे. सरकारी व विद्यापीठीय संकेतस्थळांवर जाहिरातदारांच्या चिठ्ठ्यांना मज्जाव असावा. माहिती अधिकाराचे मूळ कलम परत आणावे. या मागण्या मोठ्या क्रांतीच्या नाहीत. परंतु निशाणी म्हणजे संमती नव्हे, हे जे १८७९ मध्ये मान्य झाले, ते आज स्वतंत्र देशाच्या नागरिकाला नाकारले जात असेल, तर त्याविरुद्ध उभे राहणे हे आपलेच काम आहे.