बसायचे कुठे?

‘आज बसायचे का?’ हा प्रश्न संध्याकाळी पाचच्या सुमारास एखाद्या कचेरीत विचारला गेला, तर त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘बसणे’ या निरुपद्रवी क्रियापदाने मराठीत प्यालाही पोटात घेतला आहे. गंमत अशी की, या बोलीत पिण्याचा उच्चार नाही. आहे तो चार माणसांनी एकत्र बसण्याचा. आणि बसण्याची जागा निवडताना नेमका त्याचाच विसर पडतो.

मुंबई-पुण्यात आता छोटेखानी कॉकटेल बार निघाले आहेत. मोजक्या खुर्च्या, शेजारच्याचे बोलणे ऐकू येईल इतपतच संगीत, समोर उभे राहून पेय मिसळून देणारा जाणता माणूस आणि तासभर एकाच पेल्यावर बसले तरी कोणी उठवीत नाही अशी मोकळीक. हे सुख महागडे आहे. पण त्यातील मागणी काही अवास्तव नव्हे. दिवसभर खडूची धूळ खाल्लेल्या शिक्षकाला किंवा फायलींच्या ढिगातून मान वर काढणाऱ्या कारकुनालाही दोन तास कोणाशी तरी मनापासून बोलावेसे वाटते. प्रश्न एवढाच, की मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी त्याने ते कोठे बोलावे?

मांजरसुंबा हे चौरस्त्याचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग येथून बीडकडे जातो. एक वाट पाटोद्याकडे फुटते, दुसरी केज-अंबाजोगाईकडे. बालाघाटच्या डोंगररांगा आणि घाट लागूनच. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी असल्याने कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास यात्रेकरूंची रीघ लागते, आणि त्याच मोसमात ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांनी भरलेल्या गाड्या याच रस्त्यांनी कारखान्यांकडे जातात. अशा गावात थांबण्याच्या जागा पुष्कळ असतात. बसण्याची जागा असेलच असे नाही. धाब्यावरच्या माणसाचे अर्धे लक्ष गाडीकडे असते. चहाच्या टपरीवर बाकडे असते, पण तेथे चारचौघांत मनातले बोलणार कोण? मग आपल्याकडे उरते ती परमिट रूम.

परमिट रूम ही मोठी विलक्षण संस्था आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ती अपत्य. बंदी पुढे सैल झाली, पण मद्यासाठी परवाना बाळगण्याची अट राहिली, आणि त्यासोबत त्या काळचा चोरटेपणाही राहिला. काळ्या काचा, जाड पडदे, भर दुपारी रात्र वाटावी असा अंधार. या अंधाराला कोणी खासगीपणा समजेल, तर ती फसगत आहे. खासगीपणात माणसे एकमेकांना दिसतात. येथे ती जगाला दिसू नयेत याची तजवीज असते. लपून प्यायचे म्हटले की घाईने प्यावे लागते. ‘क्वार्टर’ मागवावी, सोडा ओतावा, चखण्याच्या बशीत हात घालावा आणि उठावे. यात कॉकटेलला जागा नाही. कारण कॉकटेल म्हणजे मुळात सावकाशपणा. आणि स्त्रीला तर नाहीच नाही. तिच्यासाठी फार तर ‘फॅमिली रूम’ची पाटी, म्हणजे फळ्यांनी आडोसा केलेला एक कोपरा.

कॉलेजातील विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. बियर आणि वाइनसाठी २१ ची. कायद्याच्या दृष्टीने मतदान, विवाह आणि नोकरी यांना पात्र ठरलेला तरुण जिन घातलेल्या पेल्याला अपात्र असू शकतो. ही अट पाळली किती जाते, हा प्रश्न वेगळा.

पण खरी अडचण अंधाराची नाही, अंतराची आहे. लहान गावात गुरुजींची मोटारसायकल परमिट रूमबाहेर दिसली, की दुसऱ्या दिवशी वर्गातील मुलांच्या नजरा बदलतात. तो हा बोभाटा टाळू पाहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. मग तो ओळखीचे कोणी नसेल असे ठिकाण शोधतो. ते वीस-पंचवीस किलोमीटर दूर महामार्गावर सापडते. आणि रात्री दहा-अकराला त्याच महामार्गाने, मालमोटारींच्या झगझगत्या दिव्यांतून, घाट उतरून त्याला घरी यावे लागते. अब्रू राखण्यासाठी निवडलेली जागा जिवावर बेतते ती अशी.

सर्वोच्च न्यायालयाला हा धोका दिसला होता. १५ डिसेंबर २०१६ रोजी त्याने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले. जुलै २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीतील दुकानांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट झाले. २०१८ साली ग्रामपंचायतींच्या हद्दीबाबतही राज्यांना मोकळीक मिळाली. वर्ष-सव्वा वर्षात एवढा भक्कम निर्णय इतका झिजावा, यावरून महसुलाचे वजन किती असते ते कळते. तथापि न्यायालयाचा निर्णय जसाच्या तसा राहिला असता, तरी गुरुजींचा प्रश्न सुटला नसता. दुकान ५०० मीटर आत गेले म्हणून घर जवळ येत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्यायचेच कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला, तर गावातील दुकान बंद होते, आणि अनेक गावांतील बायकांनी हा कौल दिला आहे. मजुरीचा पैसा घरी येण्यापूर्वीच गुत्त्यावर संपलेला त्यांनी पाहिला आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीरामाचे आर्य मदिरामंडळ प्रेक्षकांना हसवून जाते, सिंधूला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. छोट्या, सुसंस्कृत बारची बाजू मांडणाऱ्याने आधी या बायकांना उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर ‘आम्ही सभ्य माणसे आहोत’ एवढ्याने होत नाही. गुत्त्यावर जाणाराही स्वतःला असभ्य समजत नाही.

द्यायचेच तर उत्तर एक आहे. जेथे पत्नीला किंवा बहिणीला संकोच न वाटता नेता येईल, अशाच जागी बसावे. या एका कसोटीने निम्म्याहून अधिक परमिट रूम आपोआप बाद होतात, हे खरे. पण ज्या उरतील किंवा उद्या निघतील, त्या उजेडात असतील. तेथे जेवण पेयाइतकेच नीट मिळेल. मालक नावाने ओळखत असेल आणि दुसऱ्या पेल्यानंतर ‘आता पुरे, साहेब’ असे म्हणण्याची त्याला भीड वाटणार नाही. अनोळखी बारमध्ये हे वाक्य कोणी उच्चारीत नाही.

आणि घरी परतण्याचे काय? मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन पेल्यांनंतर हा हिशेब कोणालाच करता येत नाही, म्हणून तो दुपारीच करावा. पायी परतता येईल अशी जागा असेल, तर उत्तम. नसेल, तर चौघांपैकी न पिणारा कोण हे आधी ठरावे. आणि त्या बिचाऱ्यासमोर रात्रभर बाटलीतील गोड सोडाच ठेवला जाणार, की बीडच्या सीताफळाचे किंवा कोकमाचे काही चवदार पेय कोणी मनापासून करून देणार आहे, याचीही चौकशी आत शिरण्यापूर्वी करून घ्यावी.